लहान मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरवर स्मरणिका काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रह्मपुरीकडचं धानपट्ट्यातलं गाव. तिथल्या एक सिस्टर सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात होत्या, निवृत्तीनंतर गावच्या सरपंच झाल्या, आणि आता त्या गेल्या. वर्षश्राद्धाला मंडळाला ६४ पानांची स्मरणिका काढायची आहे. लेख आलेत, पण सगळ्यांत ‘सेवाभावी’, ‘मातृहृदयी’, ‘हजारो बालकांचे प्राण वाचवले’ एवढंच. नाव बदललं तर कुणाच्याही स्मरणिकेत खपेल असं. मग लिहायचं काय, आणि माहिती आणायची कुठून?

लिहिणाऱ्यांचा दोष कमी आहे. नर्सचं काम सहसा दिसतच नाही. केसपेपरवर सही डॉक्टरची असते, बाळ बरं होऊन घरी गेलं की आईच्या तोंडी नाव डॉक्टरसाहेबांचं असतं. रात्री दोन वाजता सलाईनचे थेंब कुणी मोजले, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. म्हणून आधी त्या वॉर्डातलं काम नेमकं काय असतं ते तुम्ही समजून घ्या आणि मग त्या कामाबद्दलच विचारा. स्वभावाबद्दल विचारूच नका. कामाची हकीकत नीट आली की स्वभाव त्यातूनच कळतो.

पहिलं काम सेवापुस्तकाचं, म्हणजे नेमणुका-बदल्यांच्या सरकारी नोंदवहीचं. ‘नर्स’ म्हणून गावात सगळ्या एकच, पण सरकारी खात्यात दोन वेगळ्या वाटा आहेत. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) झालेली बाई आरोग्य सेविका म्हणून लागते. ती बहुतेक जिल्हा परिषदेकडे, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात असते आणि पुढे आरोग्य सहायिका होते. जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसविका अभ्यासक्रम) झालेली अधिपरिचारिका म्हणून ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात लागते, पुढे परिसेविका, मग अधिसेविका. तुमच्या सिस्टर वॉर्डात होत्या म्हणजे बहुधा दुसरी वाट. पण सुरुवातीची काही वर्षं उपकेंद्रातही गेली असतील, ते तपासा. सेवापुस्तक शेवटच्या नेमणुकीच्या कार्यालयात असतं. घरच्यांनी अर्ज करून प्रत मागावी. ती मिळेपर्यंत पेन्शनचे कागद, बदलीचे आदेश, नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र घरात शोधा. हे सहसा पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी सापडतं.

सेवापुस्तक वाचताना जिल्ह्यांच्या नावांनी गोंधळू नका. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला, गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून. त्यामुळे १९८१ च्या नोंदीत आरमोरी ‘जि. चंद्रपूर’ दिसली किंवा १९९५ च्या नोंदीत तिरोडा ‘जि. भंडारा’ दिसला, तर ती चूक नाही. खाली कंसात आजचा जिल्हा द्या, मूळ नोंद दुरुस्त करू नका.

दुसरी गोष्ट दवाखान्याच्या दर्जाची. ‘ग्रामीण रुग्णालयाचा बालविभाग’ असं लेखांत आलं असेल तर ते जपून छापा. ग्रामीण रुग्णालय सहसा ३० खाटांचं असतं, तिथे मुलांसाठी वेगळा वॉर्ड नसतो. असल्या तर कोपऱ्यातल्या चार-सहा खाटा आणि पुढच्या काळात बाळांना स्थिर करण्याची छोटी खोली. एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा कक्ष, जिल्हा किंवा स्त्री रुग्णालयात असतो आणि तो २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आल्यानंतरच्या काळातला. १९९० च्या आठवणीत ‘सिस्टर एसएनसीयूत होत्या’ असं आलं तर लिहिणाऱ्याने आजची पाटी जुन्या खोलीवर लावली आहे एवढंच समजा, आणि त्या खोलीत तेव्हा काय होतं ते विचारा. बल्ब लावलेली लाकडी पेटी? गरम पाण्याच्या बाटल्या? की नुसती आईची कूस?

आता त्या कामाकडे येतो. पुढचे आकडे तुम्हाला समजावेत म्हणून देतो आहे. औषधांचे डोस स्मरणिकेत छापू नका. पुस्तक घराघरात जाईल आणि कुणीतरी ते वापरून बघेल.

१ किलो ८०० ग्रॅमचं, ओढून पिण्याची ताकद नसलेलं बाळ घ्या. अशा बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे साधारण ६० मिलि दूध लागतं, म्हणजे दिवसाला १०८ मिलि. दर दोन तासांनी द्यायचं तर बारा वेळा, एका वेळी ९ मिलि. दोन चमचेही नाही. हे आईचंच दूध, हाताने वाटीत काढलेलं. बाळ गिळू शकत असेल तर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, नाहीतर नाकातून पोटात घातलेल्या बारीक नळीने. नळीने देताना सिरिंजचा दट्ट्या दाबायचा नाही, सिरिंज उभी धरून दूध आपल्या वजनाने खाली जाऊ द्यायचं. दाबलं की बाळ ओकतं, ओकलेलं श्वासनलिकेत जातं आणि सगळी मेहनत तिथेच संपते. दूध रोज थोडं वाढवत आठवड्याभरात किलोमागे दीडशे मिलिपर्यंत न्यायचं. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन आधी उतरतं, वेळेवर जन्मलेल्याचं दहा टक्क्यांपर्यंत, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं त्याहूनही जास्त. इथे सासूचा धीर सुटतो आणि ‘दूध पुरत नाही, वरचं चालू करा’ हे सुरू होतं. त्या चार दिवसांत आजीला वरच्या दुधाच्या डब्यापासून दूर कुणी ठेवलं, हे विचारा. बाळ वाचण्यात त्याचा वाटा औषधाइतका असतो.

मग ऊब. हाताच्या पालथ्या बाजूने आधी पोट आणि मग तळपाय बघायचे. पोट गरम, पाय गार असतील तर बाळ गारठायला लागलं आहे. दोन्ही गार असतील तर उशीर झाला आहे. वीज असेल तर वॉर्मर. भारनियमनाच्या काळात वॉर्मर ही शोभेची वस्तू होती. मग बाळाला टोपी, मोजे, लंगोट एवढंच ठेवून आईच्या उघड्या छातीला उभं लावायचं, मान एका बाजूला वळवून थोडी वर, पाय बेडकासारखे, वरून लुगड्याने बांधायचं. याला आज कांगारू पद्धत म्हणतात. यातलं अवघड काम बांधण्याचं नाही, आईला तासन्‌तास तसं बसू देण्याचं आहे. तिला खुर्ची कुणी दिली, पुरुषांना वॉर्डाबाहेर कुणी काढलं, आई जेवायला गेली की आजीच्या किंवा बापाच्या छातीला बाळ कुणी बांधलं, हे प्रश्न विचारा.

आपल्याकडे उलटा त्रासही तेवढाच. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, आणि बाळंतीण मात्र दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत, बाजेखाली शेगडी, बाळ तीन दुपट्यांत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ तापतं. पुष्कळदा तो ताप गुंडाळल्याचा आणि दूध कमी पडल्याचा असतो. पण नवजात बाळाचा ताप जंतुसंसर्गाचाही असू शकतो, म्हणून दुपटी सोडून, अंगावर पाजून तासाभराने परत बघायचं आणि तरी उतरला नाही किंवा बाळ मलूल असलं तर डॉक्टरांना उठवायचं. हा फरक ओळखणं म्हणजे अनुभव. तुमच्या सिस्टरांच्या हाताखाली शिकलेल्या नर्सेसना विचारा की त्या हे कशावरून ओळखायच्या. या उत्तराला दोन पानं द्या.

सलाईनचंही असंच. मोठ्या माणसाच्या सेटमधून साधारण २० थेंबांत एक मिलि पाणी जातं, मुलांच्या मायक्रोसेटमधून ६० थेंबांत. मायक्रोसेटचा हिशोब सोपा: मिनिटाला जितके थेंब, तासाला तितके मिलि. मायक्रोसेट संपले म्हणून कुणी साधा सेट लावला आणि थेंब मात्र जुन्या सवयीने मोजले, तर बाळाला तिप्पट पाणी जातं, अंगावर सूज, छातीत घरघर. अर्ध्या लिटरची बाटली अडीच किलोच्या बाळाला उघडी लावून झोपी गेलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून मुलांच्या वॉर्डातली चांगली नर्स बाटलीवर पट्टी चिकटवून तासातासाच्या खुणा करते. जंतुसंसर्गाच्या एका नेहमीच्या इंजेक्शनची मोठ्यांची बाटली मुलांच्या बाटलीपेक्षा चौपट तीव्र असते, आणि कपाटात दोन्ही शेजारी. त्या दोन बाटल्या वेगवेगळ्या खणात ठेवणं ही साधी गोष्ट वाटते. एखाद्या सिस्टरने तशी शिस्त लावली असेल आणि ती तिच्या बदलीनंतरही टिकली असेल, तर ते पुरस्कारापेक्षा मोठं मानून छापा.

श्वास मोजायचा तो पूर्ण एक मिनिट, घड्याळ धरून, मूल शांत असताना. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर न्यूमोनियाचा संशय. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारे फसतात, कारण लहान बाळ मध्येच श्वास थांबवतं आणि मध्येच भरभर घेतं.

साक्षीदार कोण? डॉक्टरांचा मनोगतपर लेख घ्या, पण एकच. खरी माहिती वॉर्डात कामाला असलेल्या आयाबाई, कक्षसेवक, गाडीचा ड्रायव्हर आणि रात्रपाळीच्या जोडीदार नर्सकडे असते. ड्रायव्हरला विचारा की नागपूरला मेडिकलला किंवा मेयोला (तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत) बाळ नेताना सिस्टर गाडीत कुठे बसायच्या, ऑक्सिजन कुणी धरायचं, वाटेत कुठे थांबावं लागायचं. राज्यात १०८ ची गाडी २०१४ ला आली. त्याआधी पेट्रोलचे पैसे कुणी द्यायचे, हाच एक स्वतंत्र लेख होईल.

ज्यांची बाळं त्या वॉर्डात होती त्या आयांना गाठायचं तर धानाच्या रोवणीच्या दिवसांत जाऊ नका. रोवणी आटोपल्यावर, पोळ्यानंतर जा. ‘सिस्टर कशा होत्या?’ असं विचारलं की ‘देवमाणूस होत्या’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी विचारा: बाळ किती दिवसांचं होतं? तुम्हाला खाट मिळाली की खाली चटईवर होता? दूध कशाने पाजलं? रात्री तुम्हाला उठवायला कोण यायचं? सिस्टर कशावरून रागावल्या? घरी जाताना काय बजावलं? रागावण्याचा प्रश्न वगळू नका. मुलांच्या वॉर्डातली कुठलीही चांगली नर्स रागावलेली असते, आणि आईला ते शब्द तीस वर्षांनीही जसेच्या तसे आठवतात. साल आठवत नसेल तर मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) आधी की नंतर, कोणत्या निवडणुकीच्या वेळी, मोठा पोरगा शाळेत जायचा का, असं विचारत वर्षावर आणा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, आधी परवानगी घेऊन. पाऊण तासाहून जास्त बसू नका. त्यानंतर माणूस तुम्हाला जे हवं ते सांगायला लागतो.

आठवणी आल्या की त्या त्या काळात ठेवून वाचा. सिस्टरांनी काचेच्या सिरिंज उकळून वापरल्या, नाळेला जांभळं औषध लावलं, बाळाला जन्मल्याबरोबर आंघोळ घातली, पहिल्या दिवशी साखरपाणी दिलं, असं कुणी सांगेल. तेव्हा बहुतेक दवाखान्यांत तसंच चालायचं. काचेची सिरिंज २० मिनिटं उकळणं हाच तेव्हाचा नियम होता. आज नाळ कोरडी ठेवतात, पहिली आंघोळ पुढे ढकलतात आणि तासाभरात अंगावर पाजतात. जुनं ते झाकू नका आणि त्यावरून त्यांना दोषही देऊ नका. ती सवय त्यांनी कधी सोडली आणि इतरांना कशी सोडायला लावली, ही त्यातली खरी गोष्ट आहे. निम्म्या आयुष्यात शिकलेलं उरलेल्या आयुष्यात मोडून परत शिकणं सोपं नसतं.

श्रेय वाटताना एक सावधगिरी. घरोघरी जाऊन नवजात बाळ बघण्याची पद्धत आपल्या भागात ‘सर्च’ने रुजवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ ला गडचिरोलीत ही संस्था सुरू केली, ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायांना हे काम शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९९९ ला प्रसिद्ध झाले, आणि पुढे २०११ पासून देशभर आशाताईंकडून तशा भेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवशीचीही. तुमच्या सिस्टरांनी आशाताईंना शिकवलं असेल तर तसं लिहा. ‘तालुक्यात ही पद्धत सिस्टरांनी सुरू केली’ असं कागद हाती असल्याशिवाय लिहू नका. पुरस्काराचंही तेच. राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार केंद्र सरकारचा आहे. त्याच बाईच्या नावाने संस्था आणि क्लब पुष्कळ सन्मान देतात. प्रमाणपत्रावर देणाऱ्याचं जे नाव आहे तेच छापा.

‘हजारो बालकांचे प्राण’ हे वाक्य तर काढाच. वॉर्ड तीन पाळ्यांत चालतो, एकेका बाळामागे पाच-सहा जणांचे हात असतात. त्याऐवजी कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत त्या त्या वॉर्डात होत्या, किती खाटा होत्या, रात्रपाळीला किती नर्स असायच्या, एवढं लिहा. तीस मुलं आणि एक नर्स हे वाचल्यावर वाचणाऱ्याला पुढचं कळतं.

जी मुलं वाचली नाहीत त्यांच्याबद्दल स्मरणिकांमध्ये कुणी लिहीत नाही. लिहा. मूल गेल्यावर सिस्टर काय करायच्या हे जोडीदार नर्सना माहीत असतं. नळ्या काढून, पुसून, स्वच्छ कपड्यात बाळ आईच्या हाती द्यायचं की नातलगांच्या, आईच्या छातीत दूध भरून येतं त्याचं काय करायचं, रात्री गावाकडे गाडी मिळत नाही तेव्हा त्या माणसांना बसवायचं कुठे. हे कुठल्या अभ्यासक्रमात धड शिकवत नाहीत. प्रत्येक सिस्टर आपापलं शिकते. बाळाचं आणि गावाचं नाव न देता हे छापता येतं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर वेगळं पान ठेवा, कारण पूर्व विदर्भातल्या मुलांच्या वॉर्डाची ती रोजची गोष्ट आहे. हातापायाचे पंजे सुजलेलं, किंचाळणारं वर्षाचं मूल आलं की अनुभवी सिस्टर मार लागला का हे विचारायच्या आधी रक्ताची तपासणी करायला लावते. अशा मुलाच्या आईला दोन गोष्टी पुनःपुन्हा सांगाव्या लागतात. ताप आला की घरगुती उपायात रात्र घालवायची नाही. आणि डाव्या बरगडीखाली हात लावून प्लीहा रोज चाचपायची, अचानक वाढली आणि पोर पांढरं पडलं तर त्याच वेळी दवाखाना गाठायचा. पण या पानावर एकाही कुटुंबाचं नाव, फोटो, आडनाव, टोला (वस्ती) नको. ‘आमचं नाव टाका, आम्हाला अभिमान आहे’ असं आई म्हणाली तरी नको. पुढे त्या घरच्या पोरीच्या लग्नाची बोलणी त्या पानावर अडतात. एचआयव्ही, कुमारी माता, टाकून दिलेलं बाळ यांनाही हाच नियम.

सरपंचपदाचा भाग लहान ठेवला तरी कागदावर ठेवा. ग्रामसभेची इतिवृत्तं आणि ठराव वही बघा. सरकारी नोकरीत असताना निवडणूक लढवता येत नाही, म्हणजे आधीचं पुढारपण महिला मंडळ, बचत गट, ग्राम आरोग्य समिती अशाच वाटांनी असणार. दारूबंदीच्या चळवळीत होत्या असं कुणी म्हणेल. चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी १ एप्रिल २०१५ ला लागू झाली आणि २०२१ ला उठली. त्या तेव्हा नोकरीत होत्या की निवृत्त, यावरून त्यांनी नेमकं काय केलं असेल ते ठरतं. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ ला आली, २०२० ला रद्द झाली, २०२२ ला परत आली. ‘जनतेने थेट निवडून दिलं’ हे साल पाहून लिहा.

नर्स सरपंच झाली की सगळ्यात आधी ती पाण्याकडे बघते, कारण वॉर्डातली हगवणीची मुलं कुठून येतात हे तिला ठाऊक असतं. म्हणून पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला विचारा. ३३ टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. आधी बादलीत कालवायची, निवळी टाकीत ओतायची, अर्ध्या तासाने पाणी सोडायचं आणि गावाच्या टोकाच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघण्याची चाचणी, करायची. पिवळा रंग आला तर ठीक. ओल लागलेल्या पोत्यातलं क्लोरीन उडून जातं, पावडर पांढरी ती पांढरीच दिसते आणि टेस्ट मात्र कोरी येते. टोकाचा नळ सहसा दलित किंवा आदिवासी टोल्यात असतो, त्यामुळे टेस्ट कुठल्या नळावर व्हायची हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. त्या वर्षांत ग्रामपंचायतीला पाण्याच्या तपासणीत लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालं याची नोंद पंचायत समितीत सापडेल. कार्ड लाल असलं तरी छापा. विरोधी गटाच्या एखाद्या माणसाचाही लेख घ्या. सिस्टरांशी भांडण कशावरून झालं हे तोच नीट सांगेल.

जात किंवा धर्मावरून त्यांना काही सोसावं लागलं असेल, कुणी ओट्यावरच बसवलं असेल, बाळंतपण करून घेऊन पाणी वेगळ्या पेल्यात दिलं असेल, तर ते घरच्यांना विचारून सरळ शब्दांत छापा. अशा गोष्टी ‘काही अडचणींना तोंड देत’ या चार शब्दांत पुरल्या जातात.

छपाईचं थोडक्यात. ६४ पानं म्हणजे १६ पानांचे चार फॉर्म, मधोमध पिन मारून निभतं. ६६ केलीत की खर्च उगाच वाढतो. लेख मोबाइलवरून युनिकोडमध्ये येतील, डीटीपीवाल्याकडे जुना फॉन्ट असेल तर जोडाक्षरं आणि रफार फुटतात, म्हणून तिसरं प्रूफ कागदावर काढून मूळ लेखाशी ताडून वाचा. जुने फोटो व्हॉट्सअॅपवर साधे पाठवले की बारीक होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा ३०० डीपीआयवर स्कॅन करा, पासपोर्ट आकाराचा असेल तर ६०० वर. वॉर्डातल्या फोटोत दुसऱ्याची आजारी मुलं दिसत असतील तर चेहरे कापून टाका. पाच-सात प्रती वॉर्डातल्या नर्सेससाठी बाजूला काढा, आणि मुलाखतींची रेकॉर्डिंगं नाव, गाव, तारीख घालून दोन वेगळ्या घरांत ठेवा. अर्धी माहिती पुस्तकात मावत नाही.